बाळंतिणीची धाप: हृदयाच्या स्नायूचा आजार ओळखणं, उपचार आणि नंतरची काळजी

बाळंतिणीला थकवा येतोच. रात्रीचं जागरण, अंगावर पाजणं, टाके, गेलेलं रक्त. म्हणून ती ‘धाप लागते’ म्हणाली की घरात उत्तर तयार असतं: अशक्तपणा आहे, सव्वा महिन्यात भरून येईल. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण काही जणींच्या बाबतीत त्या धापेमागे हृदयाचा डावा कप्पा कमजोर झालेला असतो आणि तेव्हा सव्वा महिना वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

फरक ओळखायला आधी एकच प्रश्न विचारा. आडवं पडल्यावर बरं वाटतं की उठून बसल्यावर? साध्या थकव्याला निजल्यावर आराम पडतो. हृदय कमजोर असेल तर निजल्यावर धाप वाढते, कारण पायांत आणि पोटात साचलेलं रक्त छातीकडे परततं, ते पुढे ढकलण्याची ताकद त्या कप्प्यात उरलेली नसते आणि पाणी फुफ्फुसांत उतरतं. दोन-तीन उश्या लागणं, रात्री घुसमटून उठणं, खिडकीशी जाऊन उभं राहणं, भिंतीला टेकून बसल्याबसल्या डुलकी काढणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी इस्पितळ गाठायचं. रात्र असेल तर रात्रीच.

आजार नेमका काय आहे

या आजाराचं नाव पेरिपार्टम कार्डिओमायोपथी; इस्पितळाच्या कागदावर ‘पीपीसीएम’ असं लिहितात. आधी हृदयाची काहीही तक्रार नसलेल्या बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हा होतो. सर्वाधिक रुग्ण बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात सापडतात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा घरातलं सगळं लक्ष बाळाकडे लागलेलं असतं.

डावा कप्पा दर ठोक्याला त्याच्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ६५ टक्के रक्त बाहेर टाकतो. या टक्केवारीला इजेक्शन फ्रॅक्शन, थोडक्यात ‘ईएफ’ म्हणतात. ती ४५ टक्क्यांच्या खाली गेली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर निदान पीपीसीएम. हा ईएफचा आकडा पाठच करून ठेवा. औषधं किती, व्यायाम किती, पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही, प्रत्येक वळणावर तोच विचारला जाणार आहे.

कारणांचा उलगडा गेल्या दोन दशकांत बराच झाला. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक काही स्त्रियांच्या शरीरात तुटतं आणि त्याचा एक तुकडा हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो. हे २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. दुसरीकडे वारेतून रक्तात उतरणारं एक प्रथिन नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही. गरोदरपणातला रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, आणि जुळी यांत ते जास्त असतं, म्हणून त्या स्त्रियांना धोका अधिक. शिवाय सुमारे १५ टक्के रुग्णांत हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनांच्या जनुकांत दोष सापडतो, सर्वांत जास्त वेळा टायटिन या प्रथिनाच्या. तिशी उलटल्यावरचं गरोदरपण, आधीची अनेक बाळंतपणं आणि रक्तक्षय यांनीही धोका वाढतो. पण पहिलटकरणीला, विशीतल्या मुलीला, रक्तदाब अगदी व्यवस्थित असतानाही हा आजार झाल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे ‘हिला कशाला होईल’ या विचाराला इथे जागा देऊ नका.

बाळंतिणीच्या खाण्याचा, कामाचा, ‘पथ्य मोडण्याचा’ किंवा ‘वारं लागण्याचा’ यात दोष नसतो. हे घरातल्या मोठ्यांनी तिला मुद्दाम, तिच्या तोंडावर सांगावं.

घरच्या घरी मोजायचे सहा मुद्दे

हैतीमध्ये या आजारावर अनेक वर्षं काम केलेले डॉ. जेम्स फेट यांनी एक सोपी गुणपद्धत आखली. सहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते २ गुण. ती मुळात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यासाठी आहे, पण वजनाचा प्रश्न सोडला तर बाकीचे पाच बाळंतिणीलाही तसेच्या तसे विचारता येतात.

आडवं पडल्यावर श्वास: त्रास नसेल तर ०, डोकं उंच करावं लागत असेल तर १, अर्धवट बसूनच निजावं लागत असेल तर २.

कामात धाप: नसेल तर ०, आठ-दहा पायऱ्या चढल्यावर लागत असेल तर १, सपाटीवर चालतानाही लागत असेल तर २.

खोकला, ज्याचं कारण कळत नाही: नसेल तर ०, फक्त रात्री १, रात्रंदिवस २.

सूज: नसेल तर ०, गुडघ्याखाली १, गुडघ्याच्या वर किंवा हात-चेहऱ्यावरही असेल तर २.

शेवटच्या महिन्यातली वजनवाढ: आठवड्याला साधारण ९०० ग्रॅमपेक्षा कमी ०, ९०० ग्रॅम ते १.८ किलो १, त्याहून जास्त २.

छातीत धडधड: नसेल तर ०, रात्री आडवं पडल्यावर १, कधीही आणि कशाही स्थितीत २.

बेरीज दोनपर्यंत आली आणि सुरुवातीला सांगितलेलं रात्रीचं एकही लक्षण नसेल तर लक्ष ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा. तीन-चार आली तर डॉक्टरकडे जाऊन बीएनपी ही रक्ततपासणी मागा. पाच किंवा त्याहून जास्त असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतल्याशिवाय घरी परतू नका. पहिल्या प्रश्नाला २ गुण पडले असतील तर बेरजेची वाट पाहण्याचीही गरज नाही.

याच्या जोडीला तीन आकडे घ्या. शांत बसलेली असताना एका मिनिटाला नाडी ११० च्या वर, श्वास २५ च्या वर, किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ च्या खाली, यातलं एकही असेल तर ती तातडीची वेळ समजा. श्वास मोजताना तिला सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. तिच्या पोटाकडे पाहत घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा.

गोव्यात कुठे जायचं आणि काय बोलायचं

धाप वाढलेली असेल तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत तिला खुर्चीवर किंवा पलंगाच्या काठावर पाय खाली सोडून ताठ बसवा. आडवं निजवू नका, आग्रहाने पाणी-दूध पाजू नका, आणि स्कूटरवर मागे बसवून नेणं तर मुळीच नको. गाडीने न्यावंच लागलं तर पुढच्या सीटवर बसवून न्या.

म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ आणि फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ इथे ऑक्सिजन, ईसीजी, एक्स-रे आणि पहिले उपचार मिळतात. हृदयरोग आणि प्रसूती हे दोन्ही विभाग एकत्र हवेत तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. काणकोण किंवा वाळपईहून बांबोळी तासाभराहून जास्त लांब पडते. म्हणून तिची अवस्था नाजूक असेल तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारं इंजेक्शन मिळू द्या, मग पुढे न्या. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या घरांनीही हाच क्रम धरावा.

तिथे पोहोचल्यावर ‘अशक्तपणा आहे, दम लागतो’ एवढंच सांगितलं तर रांगेत मागे बसावं लागेल. असं सांगा: ‘बाळंतपण होऊन अमुक दिवस झाले, तिला आडवं पडता येत नाही, हृदयाचा इको करायला हवा.’ या एका वाक्यात डॉक्टरला हवं ते सगळं आहे. बाळंतपणाचा कागद, रक्तदाबाच्या नोंदी आणि शेवटचं हिमोग्लोबिन बरोबर न्या.

वेळ बहुतेकदा तीन ठिकाणी वाया जातो. पहिलं, खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिक. आठ दिवस जातात आणि खोकला तसाच राहतो, कारण तो घशातून येत नसून फुफ्फुसातल्या पाण्याने येतो. दुसरं, दमा समजून दिलेला वाफारा. त्यातल्या औषधाने नाडी आणखी पळते आणि थकलेल्या हृदयावर ओझं पडतं. तिसरं सर्वांत धोक्याचं, आणि त्याचा आग्रह बरेचदा घरचेच धरतात: ‘डॉक्टर, हिला एक बाटली सलाईन चढवा, अंगात ताकद येईल.’ अर्ध्या लिटरच्या बाटलीत जवळजवळ साडेचार ग्रॅम मीठ असतं. ते पाणी आणि ते मीठ थेट रक्तात गेल्यावर कमजोर हृदयाला झेपत नाही. आडवं पडता न येणाऱ्या बाळंतिणीसाठी सलाईन मागू नका, आणि कुणी लावत असेल तर ‘हृदयाचं बघितलंय का?’ असं नम्रपणे विचारा.

तपासण्यांत ईसीजी, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंड, पोटॅशियम आणि बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी होतात. बीएनपी १०० पिकोग्रॅमच्या आत किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या आत असेल तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता फार कमी. पण शिक्कामोर्तब इकोच करतो. इको म्हणजे सोनोग्राफीच, छातीवर जेल लावून केलेली. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, पोटात बाळ असतानाही निर्धोक. इकोची गरज दुसऱ्याही कारणाने असते. लहानपणीच्या संधिवाती तापाने आकसलेली झडप आपल्याकडे अजून दिसते आणि तीही गरोदरपणात प्रथमच त्रास देऊ लागते. लक्षणं अगदी सारखी, पण उपचार पूर्ण वेगळे. फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळीही अशीच धाप आणते, तेव्हा पोटरी एका बाजूची सुजली-दुखली असेल तर तेही आठवणीने सांगा.

इकोच्या कागदावर दोन आकडे शोधून वहीत लिहा: ईएफ, आणि कप्प्याची रुंदी, जी ‘एलव्हीआयडी-डी’ किंवा ‘एलव्हीईडीडी’ अशी लिहिलेली असते. ईएफ ३० च्या खाली आणि रुंदी ६० मिलिमीटरच्या वर असेल तर सुधारणेला वेळ लागतो आणि देखरेख जास्त कडक लागते.

खर्चाचं थोडक्यात. गोव्यात किमान पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढता येतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. खाजगी इस्पितळात दाखल होण्याआधी ते योजनेत आहे का आणि हा उपचार त्यात बसतो का, दोन्ही विचारा.

औषधं: पोटात बाळ असताना आणि झाल्यावर

हा भाग नीट वाचा, कारण एकच गोळी सातव्या महिन्यात बाळाला घातक आणि बाळंतपणानंतर आईला तारक असू शकते.

बाळ पोटात असताना एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन या गटांतल्या गोळ्या चालत नाहीत. त्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि मधुमेहाच्या औषधांतून हृदयाकडे वळलेला डॅपाग्लिफ्लोझिनचा गटही टाळतात. त्याऐवजी हायड्रॅलाझिन आणि नायट्रेट, मेटोप्रोलोल, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड गरजेपुरतं, आणि रक्त पातळ ठेवायला हेपॅरिनची इंजेक्शनं. आईची अवस्था स्थिर असेल तर नैसर्गिक बाळंतपण, वेदना कमी करणाऱ्या पाठीच्या इंजेक्शनसह, सिझेरियनपेक्षा बरं मानतात. अशी प्रसूती छोट्या नर्सिंग होममध्ये करू नये. हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात कक्ष एका छताखाली हवेत. रक्तस्राव थांबवायला सर्रास देतात ते मिथर्जिनचं इंजेक्शन या रुग्णांत टाळायचं असतं, म्हणून निदान कागदाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.

बाळंतपणानंतर हृदय कमजोरीचे नेहमीचे उपचार सुरू होतात. एनालाप्रिल बहुधा २.५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा असं सुरू करून दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात, झेपलं तर १० मि.ग्रॅ. दोनदा किंवा त्याहून वर. मेटोप्रोलोल सक्सिनेट १२.५ किंवा २५ मि.ग्रॅ. पासून सुरू, लक्ष्य २०० पर्यंत. स्पायरोनोलॅक्टोन २५ मि.ग्रॅ. एकदा. फ्युरोसेमाइड सुजेप्रमाणे, आणि पाणी उतरलं की कमी करत बंदही. आकडे इथे दिले ते यासाठी की पुढच्या भेटीत ‘डोस वाढवायचा आहे का?’ हे तुम्हाला विचारता यावं. सुरुवातीच्या बारीक डोसवरच वर्षभर राहिलेली रुग्ण ही या आजारातली फार नेहमीची चूक आहे. त्या डोसने धाप कमी होते, घरच्यांना बरं वाटतं, पण हृदय भरून यायला हवी तेवढी मदत मिळत नाही. मात्र डोस स्वतःहून वाढवायचा नाही. दर वाढीनंतर एक-दोन आठवड्यांत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं.

या औषधांवर रक्तदाब १००/६० च्या आसपास राहणं चालतं. वरचा आकडा ९० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल तर फोन करा. एनालाप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. तो औषधाचा की पाण्याचा हे निजून पाहिल्यावर कळतं. औषधाचा खोकला बसल्यावरही तसाच राहतो, पाण्याचा आडवं पडल्यावर उसळतो आणि वजनही वाढलेलं असतं.

ईएफ ३५ च्या आसपास किंवा खाली असेल तर ढिल्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाण्याचा धोका असतो, म्हणून हेपॅरिन आणि मग वॉर्फरिन देतात. वॉर्फरिनवर असताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला बंद करायची गरज नाही. फक्त एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नका. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर १०८.

ठोके बिघडले की झटका देणारं यंत्र (आयसीडी) छातीत बसवण्याची घाई करू नये. या आजारात पहिल्या सहा महिन्यांत अनेकींचं हृदय इतकं सुधारतं की यंत्राची गरजच उरत नाही.

अंगावर पाजायचं का

सरसकट ‘दूध तोडा’ असं सांगण्याचे दिवस गेले. एनालाप्रिल, कॅप्टोप्रिल, मेटोप्रोलोल, स्पायरोनोलॅक्टोन, हेपॅरिन आणि वॉर्फरिन घेत असताना पाजता येतं. फ्युरोसेमाइड जास्त लागलं तर दूध कमी होऊ शकतं. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांच्याबद्दल स्तनपानातली माहिती तुटपुंजी आहे, म्हणून पाजणाऱ्या आईत ती शक्यतो टाळतात.

दुसरी बाजू प्रोलॅक्टिनची. ब्रोमोक्रिप्टिन हे औषध प्रोलॅक्टिन थांबवतं, म्हणजे दूधही थांबतं. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन पद्धती वापरल्या: २.५ मि.ग्रॅ. रोज एकदा सात दिवस, किंवा दोनदा १४ दिवस आणि मग एकदा सहा आठवडे. दोन्हींत हृदय चांगलं सुधारलं. पण औषधाशिवायच्या गटाशी तुलना त्यात नव्हती, म्हणून जगभर मतं अजून एक नाहीत. आमचं मत असं: ईएफ ३५ च्या खाली असेल, आई आयसीयूत असेल, तर हा पर्याय हृदयरोगतज्ज्ञाशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच बोलून घ्यावा. त्याबरोबर रक्त पातळ ठेवणारं औषध हवंच, कारण ब्रोमोक्रिप्टिनने गुठळ्यांचा धोका वाढतो. ईएफ ४० च्या आसपास असेल आणि आईला पाजायची इच्छा असेल तर तिला पाजू द्यावं. दूध तोडावं लागलं तरी बाळाला छातीशी घेणं तोडावं लागत नाही. रात्रीची एक-दोन पाजणी बाटलीने किंवा वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणी उचलली, तर आईला सलग पाच तास झोप मिळते, आणि या काळात त्या झोपेची किंमत फार मोठी आहे.

घरी आल्यावर: वजन, मीठ, शेक

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, अंगावर चढलेलं मांस नव्हे. सूज दिसण्याच्या आधी काटा सांगतो. त्या दिवशीच डॉक्टरला कळवा. खाली शाम्पूची बाटली लावून तिरका झालेला जुना काटा चालणार नाही. फरशीवर सपाट बसणारा डिजिटल काटा घ्या.

दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं मिळून. सोपी रीत अशी: सकाळी तिच्यासाठी तेवढं मीठ एका वाटीत काढा, तिचं जेवण वेगळं अळणी उतरवा आणि वाटीतलं मीठ वरून वापरा. संपलं की संपलं. गोव्याच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे कुठे लपलेलं असतं ते मात्र मोजून घ्यावं लागतं: सुक्या सुंगटांची किसमूर, खारवलेला बांगडा, पारा, मिस्कूट, चेपणीतली तोरं, पापड, सोलकढी, आणि पोदेर रोज दारात देतो तो पाव. पेजेबरोबर खारं किंवा लोणचं ही बाळंतिणीची आवडती जोडी. तिच्याऐवजी पेजेला खोबरं, जिरं, लसूण, आमसुलाची चव द्या. ताजी मासळी खुशाल द्या, कमी मिठाची आमटी करून. अळिवाचे, मेथीचे लाडू चालतात. डिंकाचे लाडू रोज दोन-तीन नकोत, वजनाची नोंद गोंधळते.

‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणारी पाकिटं आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि एनालाप्रिल-स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम आधीच वाढतं. त्याच कारणासाठी रोजचं आडसर बंद. एका शहाळ्यात एका केळ्याइतकं किंवा जास्तच पोटॅशियम असतं, आणि बागेतलं आहे म्हणून दिवसाला दोन-दोन पाजली जातात. जास्त पोटॅशियमने हृदयाचे ठोके अचानक बिघडतात, आधी काही जाणवतही नाही.

पाणी पहिल्या काही आठवड्यांत साधारण दीड ते दोन लिटर. त्यात पेज, दूध, चहा, सार, काढा सगळं धरायचं. ‘दूध यायला भरपूर प्या’ या सल्ल्याशी हे भांडतं, तेव्हा तिला तहानेपुरतं पिऊ द्या. दूध बाळाच्या ओढण्याने येतं, तांब्याने नव्हे.

आता शेकाबद्दल. कढत पाण्याचं न्हाणं, शेगडी, कोंडलेली खोली. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं आणि औषधांवर असलेल्या बाईचा रक्तदाब एकदम उतरून ती न्हाणीघरात कोसळू शकते. उत्तर नायजेरियातल्या झारियाच्या परिसरात बाळंतिणीला चाळीस दिवस तापवलेल्या मातीच्या ओट्यावर निजवण्याची आणि खाऱ्या मातीची पेज पाजण्याची चाल होती. तिथे बाळंतपणानंतर हृदय निकामी झालेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने दिसल्या आणि उष्णता व मिठाचा भार हे तेव्हा मोठं कारण मानलं गेलं. एकट्या त्या चालीने आजार होतो असं आता मानत नाहीत, पण आधीच कमजोर हृदयावर तो भार किती पडतो याबद्दल शंका नाही. तिला कोमट पाण्याने न्हाऊ घाला, स्टुलावर बसवून, दाराला कडी न लावता. तेल लावायला, हलकं मालीश करायला काहीच हरकत नाही. मालीश करताना एक पोटरी दुखते म्हणाली तर ती चोळू नका, दाखवा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, म्हणून सिझेरियनच्या टाक्यांसाठी घरात उरलेली पाकिटं बाजूला काढा. बाळंतकाढे आणि आसवं यांत काय किती आहे ते बाटलीवरून कळत नाही. औषधांचा मेळ बसेपर्यंत थांबवा.

हालचालीचा नियम बोलण्याचा आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, अडखळलं तर थांबा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. बाळाहून जड काही उचलायचं नाही. विहिरीचं पाणी, कपड्यांची बादली, गॅसचा सिलिंडर दुसऱ्यांनी. बिछान्यात पडून राहणंही नको, गुठळ्या होतात. दर तासाला पाऊल वीस वेळा वर-खाली करा.

नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना मागता येतो. दाखल्यावर आजाराचं नाव स्पष्ट लिहून घ्या.

भीती, रडू, ‘मी रात्री झोपेत गेले तर?’ हा विचार, आणि बाळाजवळ जायची इच्छा न होणं, हे या आजारानंतर फार जणींना होतं. त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मनोविकाराच्या गोळ्या लागल्या तर हृदयाच्या औषधांची चिठ्ठी त्या डॉक्टरलाही दाखवा.

बरं झालं म्हणजे नक्की काय

घरी सोडण्याआधी एक इको, मग सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी, नंतर वर्षाला एकदा. ईएफ ५० च्या वर गेला की बरं झालं म्हणतात. अमेरिकेत १०० स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ७२ टक्के स्त्रिया तिथे पोहोचल्या. सगळीकडे इतकं चांगलं घडत नाही, पण निम्म्याच्या आसपास स्त्रिया सहा महिन्यांत सावरतात, आणि हृदयाच्या इतर आजारांच्या मानाने हे खूप आशादायक आहे.

धोका नेमका इथेच सुरू होतो. धाप गेली, बाळ रांगू लागलं, गोळ्या मागे पडल्या. तिला बरं वाटणं आणि ईएफ बरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईएफ ४० असतानाही घरकाम बिनधाप करता येतं. ईएफ पूर्ण सावरल्यावरही औषधं किमान वर्षभर चालू ठेवतात आणि मग एकेक करून, दर बदलानंतर तीन-चार महिन्यांनी इको पाहत उतरवतात. काही तज्ज्ञ एखादी गोळी कायम ठेवतात. जनुकीय दोष सापडला असेल किंवा घरात कुणाला तरुणपणी हृदय मोठं झाल्याचा इतिहास असेल, तर औषधं थांबवूच नयेत असं आमचं ठाम मत आहे. अशा घरात तिच्या बहिणींचा आणि आईचा इकोही एकदा करून घ्या.

पाळणा लांबवणं आणि पुढचं मूल

गर्भनिरोधनाची गोष्ट घरी सोडण्याच्या दिवशीच ठरवा, सहा आठवड्यांच्या भेटीवर ढकलू नका. अंगावर पाजत असतानाही दिवस राहू शकतात, आणि एनालाप्रिल किंवा वॉर्फरिनवर असताना राहिले तर गर्भालाही धोका. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, ज्यांत सरकारी केंद्रात मिळणारी माला-एन येते, घ्यायच्या नाहीत. त्यांनी रक्त गोठतं आणि पाणी साचतं. तांबी किंवा हार्मोनची लूप चांगली, दंडात बसवायचं इम्प्लांटही चालतं. मुलं पुरेशी असतील तर नवऱ्याची नसबंदी हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण तिला पुन्हा भूल द्यावी लागत नाही. या पर्यायाचं नावही बऱ्याच घरांत निघत नाही. डॉक्टरने दोघांना समोर बसवून ते काढावं.

ईएफ ५० च्या खाली राहिला असेल तर पुढचं गरोदरपण टाळावं, हा सल्ला जगभर एकसारखा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४ स्त्रियांच्या पाहणीत, हृदय सावरलेल्या स्त्रियांपैकी २१ टक्के जणींना पुढच्या गरोदरपणात पुन्हा हृदय कमजोरीचा त्रास झाला, पण कुणी दगावलं नाही. न सावरलेल्यांत हा त्रास ४४ टक्के जणींना झाला आणि १९ टक्के स्त्रिया दगावल्या. सासरी ‘मुलगा हवा’ किंवा ‘एकट्याला भावंड हवं’ असा रेटा असेल तर हे आकडे मोठ्यांसमोर, शक्य तर डॉक्टरच्या खोलीत मांडले जावेत. ते एकट्या सुनेच्या तोंडून निघाले तर तिची सबब ठरते.

ईएफ सावरलेली स्त्री मूल हवं म्हणाली तर क्रम असा. आधी औषधं बदलून गर्भाला चालणारी ठेवायची, मग निदान तीन महिने थांबून इको. ईएफ टिकला असेल तरच पुढे जायचं. दिवस राहिल्यावर प्रत्येक तिमाहीत इको आणि बीएनपी, आठव्या महिन्यात पुन्हा. बाळंतपण बांबोळीसारख्या ठिकाणी, आणि नंतरच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्याअखेर आणि तीन महिन्यांनी परत इको. माहेरी बाळंतपणाला जायची रीत असेल आणि माहेर बेळगाव किंवा सावंतवाडीला असेल, तर तारखेच्या महिनाभर आधीपासून बाळंतपणानंतरच्या दीड-दोन महिन्यांपर्यंत मुक्काम गोव्यातच ठेवा आणि आईलाच इकडे बोलवा. मागच्या इकोचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेच्या क्रमाने, तिच्या बॅगेत असू द्या.